तिसरा साक्षी

मी दात करते. दात काढायचं काम डॉक्टरांचं. त्यांनी काढलेल्यांच्या जागी बसवायचे दात माझे. आमच्या रस्त्यावरच्या तिन्ही दवाखान्यांतून माझ्याकडे ठसे येतात. मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, साच्यावर मेणात दात रचते, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरते. सत्तावीस वर्षं झाली. पुढची खोली कामाची, मागच्या दोन राहायच्या. कामाच्या खोलीत भिंतीला तीन फळ्या आहेत आणि त्यांवर साचे ठेवलेले, वरचा जबडा, खालचा जबडा, मागे पेन्सिलने नंबर. आमच्या मंडळीतल्या साठीपुढच्या बहुतेकांचे जबडे माझ्या फळीवर आहेत. रविवारी चर्चमध्ये सगळे गायला लागले की कुणाची कवळी सैल झालीय आणि कोण ती घरी वाटीत विसरून आलंय, हे मला पहिल्या कडव्यातच कळतं.

हे सांगायचं कारण इतकंच, की मी डोळ्यांनी आणि बोटांनी काम करणारी बाई आहे. केसभर इकडचं तिकडे झालं तर माणसाला घास चावता येत नाही. मला भासबीस होत नाहीत.

मंडळी आमची लहान, सत्तर-ऐंशी घरांची. वडील तिचे पाळक होते, त्यांच्यानंतर दादा झाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझा नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. दादाने मला हे दुकान उभं करून दिलं, लेकीला रोज सायकलवरून शाळेत सोडलं, तिच्या तापात माझ्या बरोबरीने जागला. त्याच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. तो पाळक होता म्हणून नव्हे, दादा होता म्हणून.

मंडळीत एक नियम आहे, वडिलांच्याही आधीपासूनचा. देव माणसाला आज्ञा देतो ती तीन साक्षींच्या तोंडून. तिघांनी एकमेकांना न विचारता येऊन तीच गोष्ट सांगायची. एकाने सांगितलं तर ते त्याचं मत. दोघांनी सांगितलं तर थांबायचं, वाट बघायची. तिसऱ्याने सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही, करायचं. साक्षी मंडळीतलाच हवा असं नाही. पोस्टमन चालतो, वाटेवरचा अनोळखीही चालतो. तिसरा येऊन गेला की ते पाळकाला जाऊन सांगायचं. आज्ञा मोडली तर काय होतं, हे मी लहानपणी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "काही नाही होत. देवाचं काम अडत नाही. तो ते दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतो." मला तेव्हा ती सूट वाटली होती.

माझ्या लेकीने आज्ञा मोडली. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या एका मुलाशी तिला लग्न करायचं होतं, आणि तीन साक्षींनी नको म्हणून सांगितलं होतं. भरल्या मंडळीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, देवाला माझा पत्ता माहीत आहे. मला सांगायचं ते तो मला सांगेल." दादाची मान कानांपर्यंत लाल झाली. पुढच्या महिन्यात तिने लग्न केलं. मंडळीने तिच्याशी बोलणं सोडलं, आणि मीही सोडलं. मंडळीचा राग आज ना उद्या निवळला असता. माझा तसा नव्हता. ज्याने सायकलवरून शाळेत नेलं त्याला तिने चारचौघांत उघडं पाडलं होतं.

दीड वर्षाने तिचं पत्र आलं. "आई, सातवा लागलाय. डॉक्टर म्हणतात जपावं लागेल, एकटीने राहू नका. हे बोटीवर गेलेत, तीन महिने येणार नाहीत. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला येते. दार उघडशील ना?"

पत्र मी फक्त दादाला दाखवलं, रविवारी, प्रार्थना संपल्यावर. त्याने ते दोनदा वाचलं, होतं त्याच घडीवर दुमडून परत दिलं आणि म्हणाला, "वाट बघ. सांगणारा सांगेल."

सोमवारी ऑर्गनवाली आली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. तिचे पुढचे दोन दात माझे आहेत. एक कड जिभेला टोचते म्हणाली. मी कड घासून दिली. जाताना उंबऱ्यात थांबून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "येणाऱ्याला दार उघडू नकोस, असं तुला सांगायचंय."

मंगळवारी चर्चचे घंटावाले काका आले. काही काम नव्हतं, उगाच फळीवरचे साचे बघत उभे राहिले, त्यातला स्वतःचा जबडा ओळखायचा प्रयत्न केला आणि चुकले. मग म्हणाले, "येणाऱ्याला दार उघडू नकोस, असं तुला सांगायचंय." तेच शब्द, एकही कमीजास्त नाही. तेव्हा मला ती देवाची खूण वाटली. पाठ केलेलंही असंच असतं, हे डोक्यात आलं नाही.

बुधवारी अकरा वाजता एक माणूस आला. साठीचा असेल. शर्ट स्वच्छ धुतलेला, इस्त्री नसलेला, तोंडावर रुमाल धरलेला. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझ्या ट्रेमध्ये वरची कवळी ठेवली, मधोमध तडा गेलेली. "तासाभराचं काम आहे," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि बाकावर बसला. मी कवळी घेऊन पडद्यामागे कामाच्या टेबलाशी आले, ती धुतली आणि दिव्याखाली उलटी केली.

टाळूच्या आत डावीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे, मोहरीएवढा एक बुडबुडा होता.

ॲक्रिलिक घाईने तापवलं की आत हवा राहते. नवशिक्याची चूक. मी ती आयुष्यात एकदाच केली, माझ्या पहिल्या कवळीत. वडिलांची होती ती. मी रडकुंडीला येऊन म्हणाले होते, पुन्हा करून देते, ते म्हणाले, "पहिलं काम आहे तुझं, राहू दे. जिभेला सवय होईल." बारा वर्षं त्यांनी ती वापरली. ते गेले तेव्हा पेटी बंद करायच्या आधी ती त्यांच्या तोंडात मीच बसवली, कारण दादाला ते बघवेना.

वडिलांचा साचा अजून वरच्या फळीवर आहे. मी तो काढला, कवळीचे दोन तुकडे त्यावर ठेवले. कुठेही फट नव्हती.

मी काम केलं. लोक म्हणतील, आधी बाहेर जाऊन विचारायचं. पण हातांना सवय असते. समोर तुटलेली कवळी आली की ते जोडतात. तडा घासला, भरला, तासभर गरम पाण्यात ठेवला. तेवढ्या वेळात पडद्याखालून त्या माणसाचे बूट दिसत होते. ते एकदाही हलले नाहीत.

मनाशी म्हटलं, कबर कुणी उकरली असेल. चोर काय वाटेल ते करतात. पण एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, सख्ख्या भावांतही नाही. तो ती लावेल, ती लगेच खाली येईल आणि मला जे विचारायचं ते विचारता येईल, असं ठरवून मी बाहेर गेले.

त्याने रुमालाआड ती लावली, जबडा मिटला. बसल्याचा तो बारीक आवाज मला ऐकू आला. सत्तावीस वर्षांत तो आवाज ओळखण्यात मी चुकलेली नाही. मग रुमाल खाली करून तो म्हणाला, "उद्या दार उघडा."

"कुणाला?"

"उघडा."

आवाज साधा होता. वडिलांचा नव्हता, चेहराही त्यांचा नव्हता. तो पायऱ्या उतरून डावीकडे गेला, समोरच्या चष्मेवाल्याच्या दुकानापाशी एका गाडीला वाट द्यायला थांबला आणि चारचौघांसारखा रस्ता ओलांडून गेला.

संध्याकाळी सहाला मी दादाकडे गेले. ऊन अजून खिडकीत होतं. तो टेबलाशी बसला होता, हात मांडीवर, चेहरा उतरलेला. मला बघून काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मग थांबला आणि विचारलं, "तिसरा आला?"

"आला."

त्याने एकदम मान वर केली. "काय म्हणाला?"

मी घाबरले होते म्हणून तसं बोलले, असं सांगायला मला आवडेल. पण घाबरले नव्हते. मला आठवत होती भरल्या मंडळीत उभी राहिलेली माझी लेक. तिला एकदा बाहेर उभं ठेवायचं होतं मला. एकदाच. त्यानंतर मी तिची आईच होते.

"तेच," मी म्हणाले.

दादाने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते. मला वाटलं, माझ्यासाठी.

गुरुवारी तीनला मी पॉलिशच्या मोटरवर बसले होते. दार वाजलं. मी मोटर बंद केली, आणि चूक लगेच कळली.

"आई, आहेस तू आत. मोटर बंद झालेली ऐकली मी."

मी हातातली कवळी धरून बसले.

"आई, पाय सुजलेत गं माझे."

पुन्हा दार वाजलं. बराच वेळ वाजलं. मग ती पायरीवर बसल्यासारखा आवाज आला, बॅग ठेवल्याचा आवाज आला. मी घड्याळाकडे बघत होते. तीन वाजून वीस मिनिटांनी बाहेरचे आवाज थांबले. अजून दहा मिनिटं मोजायची आणि उघडायचं, तोवर तिला पुरे होईल, असं मी ठरवलं होतं. साडेतीनला दार उघडलं. पायरी रिकामी होती.

परत गेली असेल, स्वाभिमानी आहे, माझ्यावरच गेलीय, असं मी मनाला सांगितलं. चार दिवसांनी तिच्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. रुसली असेल म्हटलं. त्या गुरुवारनंतरच्या रविवारी दादाने नाव न घेता माझं उदाहरण दिलं, पोटच्या लेकराहून आज्ञा मोठी मानणाऱ्या बाईचं. बायका बाहेर माझा हात हातात घेत होत्या. मी तो त्यांना घेऊ दिला.

तीन महिन्यांनी जावई आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. उंच, लाजरा, हातावर तेलाने भाजल्याचे डाग. बॅगेतून त्याने बाळाची लहान लहान झबली काढून टेबलावर ठेवली आणि हसून विचारलं, "झोपल्यात का दोघी?"

मी म्हटलं, "कोण दोघी?"

त्याच्याकडे सात पत्रं होती, प्रत्येक बंदरात एक मिळालेलं. अक्षर माझ्या लेकीचं. शिक्का आमच्या पोस्टाचा. वर पत्ता माझा. "आईने दार उघडलं. काही बोलली नाही, पाय शेकून दिले." "आई मला मागच्या खोलीत झोपवते, स्वतः मशीनपाशी झोपते." "मुलगी झाली. आई रडली." शेवटच्या पत्रात होतं, "आईने मागच्या खिडकीला निळा पडदा लावलाय, ऊन बाळाच्या डोळ्यांवर येतं म्हणून."

निळं कापड मी त्याच दिवशी सकाळी आणलं होतं. ते कागदात गुंडाळलेलं, तसंच खुर्चीवर पडलं होतं.

जावयाने मागच्या दोन्ही खोल्या बघितल्या. पलंगाखाली बघितलं. तिला हाक मारली, मग मला नको नको ते बोलला. पोलीस आले, त्यांनीही तेवढंच बघितलं. समोरच्या चष्मेवाल्याने मात्र जबाब दिला. गुरुवार त्याच्या लक्षात होता. पोटुशी मुलगी पायरीवर बसलेली बघून तो पाणी घेऊन निघणारच होता, तेवढ्यात दार उघडलं. "ह्यांनीच उघडलं," त्याने माझ्याकडे बोट केलं. "बॅग ह्यांनी उचलली, हात धरून तिला आत नेलं. पाणी मीच प्यायलो मग." पोलिसाने त्याला विचारलं, नीट दिसलं का? रस्त्यापलीकडची पाटी वाचून दाखवणाऱ्या चष्मेवाल्याच्या डोळ्यांवर आणखी कसा संशय घेणार.

दुसऱ्या दिवशी मी ऑर्गनवालीकडे गेले. ती दारातच रडायला लागली. पाळकांनी सांगितलं होतं म्हणाली, घंटावाल्यांनाही त्यांनीच.

तिथून तशीच दादाकडे गेले. तो रविवारचं प्रवचन लिहीत होता.

"तू पाठवलंस त्यांना?"

त्याने लेखणी खाली ठेवली. नाही म्हणाला नाही. "ती परत आली असती, मूल घेऊन, सुखाने. मंडळी म्हणाली असती, बघा, आज्ञा मोडली तरी काही होत नाही. मग राहिलं काय आपल्याकडे?"

"दादा, ती माझी लेक आहे."

"माझी नाही का?"

ज्याने घडवलं त्यानेच मोडलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. "आणि तिसरा?" मी विचारलं. "तिसरा कोण पाठवलास तू?"

"शिंप्याला सांगितलं होतं. त्याला ताप भरला, तो आलाच नाही. त्याची बायको मला सांगून गेली, बुधवारी, तू यायच्या थोडीच आधी." दादाने लेखणीचं टोपण लावलं. "मला वाटलं, हा इशारा आहे. तू आलीस की सगळं कबूल करायचं, तुला सांगायचं, जा, दार उघड. तेवढ्यात तू म्हणालीस, तिसरा आला. म्हणालीस, तेच. मी खोटं बोललो होतो आणि देवाने ते खरं केलं, असं वाटलं मला. मी त्या रात्री गुडघ्यांवर होतो."

मी त्याला सांगितलं तिसरा काय म्हणाला होता ते. कवळीचंही सांगितलं.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. लहानपणी काही फोडलं की आम्ही असेच बघायचो, आता आधी कोण सांगणार म्हणून.

"त्याला ती बसली?" त्याने विचारलं.

"बसली."

त्यानंतर दादा कधी प्रवचनाला उभा राहिला नाही.

जावई बोटीवर परत गेला नाही. पलीकडच्या रस्त्यावर खोली घेऊन राहिलाय, एका खानावळीत काम करतो. पत्रं त्याला अजून येतात, आठवड्याला एक. तो वाचतो आणि माझ्या पायरीवर ठेवून जातो, आत येत नाही. तो लिहितो ती उत्तरंही पोहोचतात, कारण लेक पुढच्या पत्रात त्यांना उत्तरं देते. पोस्टमन म्हणतो, रोजच्यासारखी दाराच्या फटीतून आत टाकली. माझ्या जमिनीवर ती पडत नाहीत.

पत्रांतली आई चांगली आहे. बाळाला पायांवर घेऊन मेणाचे छोटे ससे करून दाखवते. कामं कमी घेते. दादा तिच्याकडे येत नाही. तिचा मला इतका मत्सर वाटतो, की ओठ चावून रक्त येतं.

म्हणून मी दर गुरुवारी तीनला किल्ली मुठीत घेऊन बाहेर जाते, दार ओढून घेते आणि माझंच दार वाजवते. हाका मारते. लेकीला, बाळाला, कधी त्या दुसरीला. चष्मेवाला आता बघत नाही. त्याने त्या बाजूला कपाट लावलंय. पायरीवर बसून राहते, साडेतीनला किल्लीने उघडून आत येते. आत मीच असते.

काल जावयाने हे पत्र ठेवलं.

"बाळाला खालचे दोन दात आलेत. आई म्हणते, हे तिने न केलेले पहिलेच दात आहेत घरात. आणखी एक सांगायचं राहतंय. हल्ली दर गुरुवारी दुपारी कुणी बाई येते आणि दार वाजवते. खूप वेळ वाजवते, मग पायरीवर बसते. शब्द कळत नाहीत, पण दमलेली वाटते. मी उघडायला उठले तर आई म्हणाली, साक्षी आल्याशिवाय नाही. ऑर्गनवाली येऊन उघडू नका म्हणून गेली. घंटावाले काकाही तेच सांगून गेले. आज सकाळी तिसरा आला, तोंडावर रुमाल धरून. आईने त्याची कवळी जोडून दिली. दारात तो आईशी काहीतरी बोलला, मला नीट ऐकू आलं नाही. तो गेल्यावर मी विचारलं, आई, काय म्हणाला?

आई म्हणाली, तेच."